तेजोमेघाचा रंग आणि त्याची सनद

काळ्याभोर आकाशात उमललेला लाल गुलाब. पाकळ्यांवर पाकळ्या, मध्ये पांढरा ठिपका. खाली सूरह रहमानच्या ३७व्या आयतीचा संदर्भ आणि त्याखाली एक ओळ : ‘नासाने सिद्ध केले.’ हे चित्र पाहिले नाही, असा मुस्लीम घरातला मोबाईल आज शोधूनही सापडायचा नाही. वर्षातून एक-दोनदा ते नव्याने फिरू लागते, ‘सुभानअल्लाह’ लिहून पुढे पाठवले जाते आणि पुन्हा काही महिने शांत होते.

चित्र बनावट नाही, हे आधीच सांगतो. ते हबल दुर्बिणीने १९९४ साली टिपलेले आहे आणि १९९५च्या जानेवारीत प्रसिद्ध झाले. ज्याचे ते चित्र आहे त्याला खगोलशास्त्रात एनजीसी ६५४३ म्हणतात. बोलीत ‘कॅट्स आय’, म्हणजे मांजराचा डोळा. हा तेजोमेघ कालेय तारकासमूहात, आपल्यापासून सुमारे ३००० प्रकाशवर्षे दूर आहे. सूर्यासारखा एक तारा आयुष्याच्या अखेरीस आपले बाहेरचे थर अवकाशात सोडून देतो आहे, त्या वायूचा हा पसारा. विल्यम हर्शेलने १७८६ साली तो पहिल्यांदा नोंदवला.

प्रश्न चित्राचा नाही, त्यातल्या लाल रंगाचा आहे. गेली काही वर्षे मी घराच्या गच्चीवरून सहा इंची दुर्बिणीने तेजोमेघांची छायाचित्रे घेतो, त्यामुळे ‘तुमच्या दुर्बिणीतून तो गुलाब दिसतो का?’ हा प्रश्न मला लग्नात, जनाज्यात, चहाच्या टपरीवर, कुठेही विचारला जातो. दोन वाक्यांत त्याचे उत्तर देता येत नाही. त्यासाठी दीडशे-पावणेदोनशे वर्षे मागे जावे लागते आणि वाटेत पुण्यालाही थांबावे लागते.

रेशमाच्या व्यापाऱ्याची बाग

लंडनच्या दक्षिणेला टल्स हिल नावाच्या वस्तीत विल्यम हगिन्स राहायचा. घराण्याचा धंदा रेशमी कापडाचा. तो विकून त्याने घराच्या बागेत स्वतःची वेधशाळा उभारली. विद्यापीठाची पदवी नाही, सरकारी पद नाही. आठ इंची भिंगाची दुर्बीण, शेजारी राहणारा रसायनशास्त्राचा प्राध्यापक विल्यम मिलर आणि प्रकाशाचे रंग वेगळे करणारा वर्णपटदर्शक, एवढेच त्याचे भांडवल.

त्या काळात तेजोमेघ म्हणजे काय, यावर वाद होता. अनेकांचे म्हणणे असे की, हे दूरचे ताऱ्यांचे थवेच आहेत. दुर्बीण मोठी झाली की त्यातले तारे सुटे दिसतील. २९ ऑगस्ट १८६४च्या रात्री हगिन्सने आपली दुर्बीण याच मांजराच्या डोळ्यावर रोखली. ताऱ्यांचा प्रकाश लोलकातून गेला की इंद्रधनुष्यासारखा सलग पट्टा दिसतो. इथे पट्टा नव्हताच. अंधारात मोजक्याच तेजस्वी रेषा होत्या आणि त्यातली सर्वांत ठळक रेषा हिरवी होती. अशा सुट्या रेषा फक्त विरळ, तापलेला वायू देतो. एका रात्रीत निकाल लागला : हा ताऱ्यांचा थवा नाही, वायू आहे.

आज गुलाब म्हणून फिरणाऱ्या चित्रातला तेजोमेघ तो हाच. आणि विज्ञानाशी त्याची पहिली ओळख झाली ती हिरव्या रेषेने.

ही हिरवी रेषा पुढे साठ वर्षे कोडे बनून राहिली. पृथ्वीवरच्या कोणत्याही मूलद्रव्याशी तिचा मेळ बसेना. शेवटी एक नवेच मूलद्रव्य कल्पून त्याला ‘नेब्युलियम’ असे नाव दिले गेले.

पुण्याचा वेध

त्याच काळात इंग्लंडमध्ये नॉर्मन लॉकियर यांनी वेगळाच सिद्धान्त मांडला होता. लॉकियर म्हणजे साधी असामी नव्हे. ‘नेचर’ या नियतकालिकाचे ते संस्थापक आणि हेलियमच्या शोधाशी जोडलेले नाव. त्यांच्या मते तेजोमेघ म्हणजे एकमेकांवर आदळणाऱ्या उल्कांचे थवे आणि ती हिरवी रेषा म्हणजे तापलेल्या मॅग्नेशियमच्या प्रकाशपट्ट्याची उरलेली कडा. हगिन्स यांना हे मान्य नव्हते. वाद सोपा होता, तपासणी अवघड : रेषा खरोखर मॅग्नेशियमच्या पट्ट्याची कडा असेल, तर तिची एक बाजू धूसर, पुसट होत गेलेली दिसायला हवी. दोन्ही बाजू सारख्याच रेखीव असतील, तर लॉकियर चूक.

१८८८ साली पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये, म्हणजे आजच्या सीओईपीत, एक वेधशाळा उभी राहिली. पैसा भावनगरच्या महाराजा तख्तसिंहजींनी दिला, म्हणून तिला त्यांचेच नाव. ती चालवणारे प्राध्यापक कावसजी दादाभाई नायगमवाला, मुंबईत शिकलेले पारशी गृहस्थ. १८९१ साली त्यांनी पुण्यातून मृग नक्षत्रातल्या तेजोमेघाची हीच हिरवी रेषा तपासली आणि निष्कर्ष लंडनच्या रॉयल अ‍ॅस्ट्रॉनॉमिकल सोसायटीकडे धाडला. रेषा रेखीव होती. पुसट कडा नव्हती.

पुण्याच्या एका कॉलेजात बसून, वसाहतीच्या काळात, साम्राज्यातल्या एका बड्या शास्त्रज्ञाच्या दाव्याच्या विरोधात जाणारा पुरावा नोंदवणे ही लहान गोष्ट नव्हती. नायगमवालांनी भाषण केले नाही. काय पाहिले, कसे पाहिले, ते लिहिले. १९१२ साली ते निवृत्त झाले, वेधशाळा बंद झाली आणि तिची उपकरणे कोडईकनालला गेली. पुण्यात आज किती जणांना हे ठाऊक आहे, हा वेगळा विषय.

कोडे सुटले ते १९२७ साली. अमेरिकेतल्या कॅलटेकचे आयरा बोवेन यांनी दाखवून दिले की, नेब्युलियम नावाचे काही नाहीच. ती रेषा आपल्या ओळखीच्या ऑक्सिजनची आहे. दोन इलेक्ट्रॉन गमावलेला ऑक्सिजनचा अणू अतिशय विरळ वायूत एकटा राहिला, म्हणजे बराच वेळ दुसऱ्या कणावर आपटला नाही, तर तो हा हिरवा प्रकाश सोडतो. पृथ्वीवरच्या प्रयोगशाळेत एवढी विरळता साधत नव्हती, म्हणून रेषा अनोळखी वाटत होती. जो वायू आपण श्वासात घेतो, त्याचीच ती खूण होती.

कॅमेरा आला, पण रंग नाही

तेजोमेघाचे पहिले छायाचित्र ३० सप्टेंबर १८८०चे. न्यूयॉर्कजवळच्या हेस्टिंग्ज गावी हेन्री ड्रेपर या डॉक्टरने स्वतःच्या खासगी वेधशाळेतून मृगाच्या तेजोमेघावर ५१ मिनिटे कॅमेरा उघडा ठेवला. १८८३च्या जानेवारीत लंडनजवळ ईलिंगला अँड्र्यू कॉमन या अभियंत्याने घरच्या बागेतल्या ३६ इंची आरशाच्या दुर्बिणीतून त्याहून सरस चित्र काढले. त्यात डोळ्यांना दुर्बिणीतूनही न दिसणारे तारे उमटले होते. डोळा प्रकाश साठवत नाही, काच साठवते, हे त्या दिवशी स्पष्ट झाले. व्यापारी, डॉक्टर, अभियंता. या इतिहासातली पहिली माणसे अशी घरच्या बागेतून काम करणारी होती. गच्चीवरून काम करणाऱ्या आम्हा हौशी लोकांना त्याचा थोडा अभिमान वाटतो.

पण ही चित्रे काळी-पांढरी होती. शिवाय त्या काळच्या काचेवरचा लेप निळ्या प्रकाशाला जागा होता, लाल प्रकाशाला जवळजवळ आंधळा. ज्या लालीसाठी मृगाचा तेजोमेघ आज ओळखला जातो, ती ड्रेपरच्या काचेला दिसतच नव्हती.

पालोमारच्या मोठ्या दुर्बिणीतून विल्यम मिलर यांनी रंगीत फिल्मवर घेतलेली चित्रे १९५९ साली लोकांसमोर आली, तेव्हा आकाशाला रंग आहेत हे सामान्य वाचकाने पहिल्यांदा पाहिले. (हे मिलर वेगळे, हगिन्सच्या शेजाऱ्याशी त्यांचा संबंध नाही.) पुढे ऑस्ट्रेलियात डेव्हिड मॅलिन यांनी लाल, हिरव्या आणि निळ्या गाळण्यांतून तीन काळी-पांढरी चित्रे घेऊन ती एकावर एक बसवण्याची पद्धत पक्की केली. १९६९ साली बेल प्रयोगशाळेत बॉईल आणि स्मिथ यांनी सीसीडी ही प्रकाश मोजणारी चीप कल्पिली. चार दशकांनी त्यांना त्यासाठी नोबेल मिळाले. आज ज्या कॅमेऱ्यांनी तेजोमेघ टिपले जातात, तो सगळा कुटुंबकबिला या कल्पनेतून वाढला आहे.

एक गोष्ट मात्र मॅलिन यांच्यापासून हबलपर्यंत आणि हबलपासून माझ्या गच्चीपर्यंत बदललेली नाही. या कॅमेऱ्याला रंग कळत नाही. तो फक्त किती प्रकाश आला ते मोजतो. रंग गाळणी ठरवते, आणि शेवटी माणूस.

गच्चीवरचे काम

आमच्या शहरात रस्त्यांवरच्या दिव्यांनी आकाश करडे झालेले असते. तरीही तेजोमेघ टिपता येतात, कारण ते ठरावीक लांबीच्या लहरींतच चमकतात. हायड्रोजन ६५६.३ नॅनोमीटरला, म्हणजे गडद लाल. ऑक्सिजन ५००.७ला, हीच ती हगिन्स आणि नायगमवालांची हिरवी रेषा. गंधक ६७२च्या आसपास, तेही लालच. फक्त तेवढाच अरुंद पट्टा आत सोडणारी गाळणी कॅमेऱ्यापुढे लावली की, रस्त्याच्या दिव्यांचा बहुतांश उजेड बाहेरच अडतो.

बैठकीचा अक्ष आधी ध्रुवाच्या दिशेने लावायचा. मग आकाशाबरोबर दुर्बीण फिरवणारी मोटर चालू करायची आणि ओळखीच्या एखाद्या ताऱ्यावर नेम तपासायचा. मांजराच्या डोळ्यासाठी मी एल्तानिन हा तारा वापरतो. हे नाव अरबी ‘अत्-तिन्नीन’वरून आले, अर्थ अजगर. चिनी बनावटीच्या दुर्बिणीच्या छोट्या पडद्यावर हे नाव उमटते, तेव्हा हजार वर्षांपूर्वीचा कुणी अरबी बोलणारा जाणकार बोट धरून वाट दाखवतो आहे असे वाटते.

आपल्याकडून हा तेजोमेघ उत्तरेला, जेमतेम अर्ध्या आकाशापर्यंत चढतो. त्याची खरी वेळ जून-जुलै, म्हणजे नेमका पावसाळा. म्हणून एप्रिल-मेच्या उत्तररात्री गाठायच्या. तेजस्वी गाभ्यासाठी काही सेकंदांची चित्रे पुरतात. भोवतीच्या अंधुक वलयासाठी पाच-पाच मिनिटांची कितीतरी घ्यावी लागतात. झाकण लावून तेवढ्याच वेळाची काळी चित्रे घ्यायची, म्हणजे कॅमेऱ्याचा स्वतःचा दोष वजा करता येतो. मग सगळी चित्रे संगणकावर एकमेकांवर बसवून सरासरी काढायची. नऊ चित्रांची सरासरी घेतली की दाणेदारपणा एक-तृतीयांशावर येतो. त्यानंतर जे हाती येते ते जवळजवळ काळे असते. अंधारात दडलेले आकडे ताणून उजळवावे लागतात, तेव्हा कुठे मेघ वर येतो.

इथपर्यंत रंग आलेला नाही. माझ्याकडे दोन काळी-पांढरी चित्रे असतात, एक हायड्रोजनचे आणि एक ऑक्सिजनचे. पहिल्याला लाल दिला आणि दुसऱ्याला हिरवा-निळा, तर चित्र निसर्गाच्या जवळ राहते. माझ्या चित्रात मांजराच्या डोळ्याचा गाभा वीस-पंचवीस ठिपक्यांएवढाच येतो आणि त्याचा रंग येतो निळसर-हिरवा. दुर्बिणीला डोळा लावला तरी तो तसाच दिसतो, कारण अंधारात आपला डोळा याच हिरव्या लहरींना सर्वांत जास्त जागा असतो. म्हणजे त्या वारंवार येणाऱ्या प्रश्नाचे उत्तर ‘नाही’ असे आहे. गुलाब दिसत नाही.

मग गुलाब आला कुठून?

हबलच्या त्या चित्रासाठी तीन गाळण्या वापरल्या होत्या. हायड्रोजनच्या प्रकाशाला लाल रंग दिला, नायट्रोजनच्या ६५८.४ला हिरवा आणि ऑक्सिजनच्याच, पण वेगळ्या, ६३०.० या रेषेला निळा. आता हे तीन आकडे पुन्हा पाहा. ६५६, ६५८ आणि ६३०. तिन्ही लहरी लालच आहेत. डोळ्यांनी पाहिले तर त्यांच्यातला फरक जवळजवळ कळणारही नाही. वायूचे थर वेगळे ओळखता यावेत म्हणून शास्त्रज्ञांनी एकाच लाल कुटुंबातल्या तीन भावांना तीन वेगळे कपडे घातले. आणि ज्या हिरव्या रेषेने हा तेजोमेघ खरोखर सर्वांत जास्त उजळतो, ती या चित्रात घेतलेलीच नव्हती.

यात फसवणूक नाही. कशाला कोणता रंग दिला, हे चित्रासोबतच जाहीर केले होते. १९९५ सालच्या ‘सृष्टीचे स्तंभ’ या प्रसिद्ध चित्रातही असेच आहे : गंधक लाल, हायड्रोजन हिरवा, ऑक्सिजन निळा. नकाशात डोंगर तपकिरी आणि समुद्र निळा दाखवतात, तशी ही एक खुणांची भाषा आहे. पण नकाशासोबतची सूची फाडून टाकली, तर वाचणारा भलतेच काही वाचेल. मोबाईलवर फिरताना नेमके तेच झाले. चित्र पुढे गेले, सूची मागे राहिली, आणि सूचीच्या जागी एक आयत आली.

२००४ साली हबलच्याच नव्या कॅमेऱ्याचे याच तेजोमेघाचे अधिक बारीक चित्र प्रसिद्ध झाले. गाळण्या वेगळ्या, रंग वेगळे. त्यात गुलाब शोधावा लागतो. मग आता काय करायचे? ज्यांनी आयतीचा पुरावा पहिल्या चित्रावर टांगला, त्यांनी दुसऱ्या चित्रावर काय टांगायचे? बहुतेक मुफस्सिरांनी ती आयत कयामतच्या दिवसाशी जोडली आहे. तिथल्या रंगाच्या उपमेचेही जुन्या तफसीरमध्ये एकाहून अधिक अर्थ आहेत; कुणी गुलाबाचा तांबडेपणा सांगितला, कुणी तेलाचा, कुणी रंगवलेल्या कातड्याचा. त्या विद्वानांनी मतभेद नोंदवून ठेवले. आपण ते सगळे बाजूला सारून एका संगणकावर निवडलेल्या रंगाला साक्षीदार केले. श्रद्धेला अशा साक्षीदाराची गरज नाही, आणि साक्षीदार उलटला तर शरम श्रद्धेच्याच वाट्याला येते. शाळेत जाणारा मुलगा उद्या हे तीन आकडे वाचेल, तेव्हा तो चित्रावर रागावणार नाही. ज्याने पाठवले त्याच्यावर रागावेल.

ही खोड फक्त मुसलमानांची नाही. हेलिक्स तेजोमेघाचे चित्र ‘देवाचा डोळा’ म्हणून जगभर फिरले. सूर्यातून ओंकार ऐकू येतो, असे सांगणारा व्हिडिओ आपल्याच देशात लाखोंनी पाहिला. पण शेजाऱ्याच्या घरात कचरा आहे, म्हणून आपल्या अंगणातला झाडायचा राहत नाही.

आपल्याकडे साधन आहे

विशेष म्हणजे अशी पारख करण्याचे साधन आपल्याच परंपरेत आहे. हदीसच्या विद्वानांनी प्रत्येक कथनाचे दोन भाग केले. एक मतन, म्हणजे मजकूर. दुसरी सनद, म्हणजे तो कुणी कुणाकडून ऐकला याची साखळी. मजकूर कितीही सुंदर असो, साखळीतला एक दुवा कच्चा निघाला तर ते कथन जईफ. या एका शिस्तीसाठी माणसांनी आयुष्ये घालवली, हजारो कथनकर्त्यांची चरित्रे लिहिली.

आकाशाच्या बाबतीतही ही वृत्ती दिसते. दहाव्या शतकात इराणमध्ये अब्दुर्रहमान अल-सूफी यांनी स्थिर ताऱ्यांवर ग्रंथ लिहिला. त्याचा काळ इ. स. ९६४च्या सुमाराचा. टॉलेमीची यादी त्यांच्यापुढे होती, पण ती त्यांनी तशीच उतरवली नाही. तारा तारा पुन्हा डोळ्यांनी पाहिला आणि तेज वेगळे वाटले तिथे तसे लिहिले. प्रत्येक तारकासमूह दोनदा काढला : एकदा आकाशात दिसतो तसा, एकदा खगोलाच्या गोलावर दिसतो तसा. वाचणाऱ्याचा गोंधळ होऊ नये म्हणून. देवयानीतल्या दीर्घिकेची आपल्याला ठाऊक असलेली सर्वांत जुनी नोंद त्यांचीच. त्यांनी तिला छोटा ढग म्हटले. जेवढे दिसले तेवढेच. त्या ढगावर कोणताही अर्थ लादला नाही.

चित्राची सनदही अशीच मागता येते. आज प्रत्येक खगोल छायाचित्राच्या मूळ फाईलला एक मथळा असतो. फिट्स नावाचा हा नमुना १९८१ पासून वापरात आहे. दुर्बीण कोणती, तारीख, किती सेकंद, कोणती गाळणी, सगळे त्यात लिहिलेले असते. चित्र रंगवून मोबाईलसाठी लहान केले की हा मथळा गळून पडतो. म्हणून विचारायचे प्रश्न तीनच. कुणी आणि कशाने टिपले? कोणत्या प्रकाशात टिपले? कोणत्या प्रकाशाला कोणता रंग दिला? उत्तर मिळाले तर चित्र डोळे भरून पाहावे. न मिळाले तर ‘सुंदर आहे’ म्हणावे आणि तिथेच थांबावे. पुरावा म्हणून पुढे पाठवू नये.

रंग दिले म्हणून तेजोमेघाचे आश्चर्य कमी होत नाही. एका मरणाऱ्या ताऱ्याने सोडलेला ऑक्सिजन ३००० वर्षे प्रवास करून आमच्या गच्चीवर पोहोचतो, तो प्रकाशाच्या रूपात. तो हिरवा आहे हे आधी लंडनच्या बागेतल्या एका माणसाने पाहिले. ती रेषा किती रेखीव आहे हे पुण्यातल्या दुसऱ्याने तपासले. ती कशाची आहे हे कॅलिफोर्नियातल्या तिसऱ्याने ओळखले. तिघांनीही आपण काय पाहिले आणि कसे पाहिले ते लिहून ठेवले, म्हणून आज ते मला सांगता येते. माझ्या प्रत्येक चित्राखाली मी गाळण्या, मिनिटे आणि रंगांची वाटणी लिहितो. ती ओळ कुणी वाचत नाही, अशी तक्रार घरातले करतात. वाचणारा एखादा निघेल, आणि त्याला लागेल तेव्हा ती तिथे असली पाहिजे.